राहीचे पुढचे दात

कोकमाच्या आगळाचा आंबटपणा जिभेला नव्हे, दातांना कळतो, असं मिरजोळ्याच्या त्या शेडमध्ये सगळ्याच बायका मानत. राही मांडवकरचं तर पोटच त्यावर होतं.

एप्रिल सरता सरता कोकमाचे रातांबे पिकायला लागले की सखाराम शेट्ये यांच्या छोट्या कारखान्यात अकरा बायका फळं फोडायला बसत. साली वेगळ्या, बिया वेगळ्या आणि मिठात सुटलेला लालभडक रस पिंपात. हा रस म्हणजे आगळ. रोज वीसेक पिंपं हलायची आणि प्रत्येक पिंप तीनदा चाखलं जायचं: मीठ पडल्यावर, मुरल्यावर आणि गाळून झाल्यावर. चाखायचं काम एकटीचं. त्या एकटीला पाट्या उचलाव्या लागत नसत, उन्हात साली पसराव्या लागत नसत, आणि खुद्द सखारामभाऊ तिच्या तोंडाकडे बघत उभे राहत.

राहीची पद्धत तिच्या आधीच्या बाईची होती, आणि त्या बाईने ती आपल्या सासूकडून घेतली होती. अर्धा चमचा आगळ तोंडात घ्यायचं, पुढच्या दातांमागे धरायचं, दातांच्या फटींतून आतबाहेर ओढायचं आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायची. दात आंबले की थांबायचं. सहाव्या पेराला आंबले तर माल पहिल्या प्रतीचा. आठव्याला आंबले तर कुणीतरी पाणी घातलंय. चौथ्यालाच आंबले तर आगळ कडक, ते सरबतवाल्यांसाठी बाजूला. मग गिळायचं. खाण्याची वस्तू मालकासमोर थुंकणं शेडमध्ये कुणाच्या मनातही आलं नसतं.

सहा हंगाम हे बिनचूक चाललं. सातव्या हंगामात, १९८५ च्या मेमध्ये, पेरं कमी पडायला लागली.

पहिल्यांदा राहीला वाटलं, यंदा फळच कडक आहे. पाचव्या पेराला दात आंबत, मग चौथ्या. सखारामभाऊ खूश होते. सरबतवाल्यांचा एवढा माल कधी निघाला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तर पिंपामागून पिंप तिसऱ्या पेराला दातांना झोंबायला लागलं. राही ‘कडक’ म्हणायची आणि पुढच्या पिंपाकडे सरकायची.

एका सकाळी तिने असंच एक पिंप चाखलं, तिसऱ्या पेराला डोळे मिटले आणि म्हणाली, “कडक. बाजूला घ्या.”

तेवढ्यात मागून मैना धावत आली. मैना साली धुवून निथळायचं काम करायची.

“अगो थांब, थांब! त्या पिंपात मी मघाशी धुवणाचा पाणी ओतलंय. दोन कळश्या. माज्या ध्यानातच नाय ऱ्हायला.”

बायका हसल्या. सखारामभाऊ बँकेत गेले होते म्हणून बरं. राहीसुद्धा हसली, आणि हसता हसता थांबली. दोन कळश्या पाणी पडलेलं आगळ आठव्या पेराच्या आत दातांना कळायला नको होतं. म्हणजे आगळ कडक झालेलं नव्हतं. बिघडले होते ते दात.

त्या दिवशी घरी आल्या आल्या, उजेड होता तोवर, तिने मागच्या पडवीत आरसा टेकवला आणि वरचा ओठ उचलला. पुढच्या चार दातांच्या कडा पांढऱ्या नव्हत्या. निळसर, काचेसारख्या होत्या. तिने दातांमागे बोट धरलं. बोटाची सावली दातातून दिसली. तिने बोट हलवलं, सावली हलली. आरसा पालथा घालून ती तिथेच बसून राहिली. चुलीवर ठेवलेल्या भाताचा वास करपट झाला तेव्हा कुठे उठली.

कशाची भीती वाटते हे तिला कुणी विचारलं असतं तर तिला शब्द शोधावे लागले नसते. तिला गंगुबाईची भीती वाटत होती.

गंगुबाई तिच्या आधी नऊ हंगाम चाखणारी होती. वय अजून पन्नाशीच्या आत, पण तोंड उघडलं की हिरड्यांच्या वर जेमतेम दिसणारी पिवळी खुंटं. भात मळून खायची. मासा कधी खाल्ला होता हे तिलाच आठवत नव्हतं. बोलताना पदर तोंडावर. शेवटच्या हंगामात तिने पातळ माल कडक म्हणून पास केला, तो मुंबईच्या व्यापाऱ्याकडे पोचेपर्यंत फसफसला आणि परत आला. सखारामभाऊंनी तिला रागावून काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी चमचा राहीच्या हातात दिला, एवढंच. तेव्हा राही चोवीस वर्षांची होती आणि तिला फार आनंद झाला होता.

आता तिने कुणालाच काही सांगितलं नाही. पेरं मनात वाढवायला सुरुवात केली. तिसऱ्याला झोंबलं की सहावं धरायचं, दुसऱ्याला झोंबलं की कडक. हा निव्वळ अंदाज होता, आणि तो अंदाज आहे हे तिला माहीत होतं. शेडमधून ट्रक बाहेर पडला की तिचं लक्ष उरलेला दिवस फाटकाकडे असे. कुठलं पिंप परत येईल?

माठातलं गार पाणी दातांना सोसवेना. वैशाखाच्या काहिलीत ती पाणी कोमट करून प्यायची आणि सासू विचारायची, “बाळंतीण हायस काय गो?”

दात आंबले की त्यावर उपाय शेडमध्ये ठरलेला होता. नळाशी एक डबा असे: भाताच्या तुसाची राख, त्यात जाडं मीठ आणि भाजलेल्या तमाखूची मशेरी. नारळाच्या सोडणाचा तुकडा कुटून त्याचा कुंचला करायचा आणि त्या राखेने दात खसाखसा घासायचे. दातांचा आंबूसपणा लगेच जायचा. बायका दुपारी आणि संध्याकाळी घासत. राही आता दर चार पिंपांनंतर नळावर जाऊ लागली. जितकी भीती जास्त, तितकं सोडण जोरात. दात पुन्हा दगडासारखे गुळगुळीत लागेपर्यंत ती थांबत नसे.

मैना ओरडायची, “राहीबाय, दातांशी लगीन लावलंस काय? घोवाची बी येवढी सेवा केली नाय कधी!”

“घोव मुंबयला हाय. दात हितं हायत,” राही तोंडातली राख थुंकून म्हणायची. सगळ्या हसायच्या. थुंकीत कधी कधी लाल रेघ असे. ती कोकमाची असेल, असं ती स्वतःला सांगायची.

मेच्या शेवटच्या आठवड्यात जेवताना नाचणीच्या भाकरीच्या मऊ तुकड्यात तिच्या दाताखाली खडा आला. तिने तो बोटावर घेतला. खडा नव्हता. तिच्याच वरच्या दाताचा कोपरा होता, तांदळाच्या कणीएवढा, काचेसारखा. जिभेने दात चाचपला तर धार लागली. समोर सासू जेवत होती. राहीने तो तुकडा पदराच्या गाठीत बांधला आणि उरलेली भाकरी न चावता पाण्याबरोबर गिळली.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असे. ती एस.टी.ने रत्नागिरीत गेली. स्टँडपासून जवळच एका दुकानाच्या माडीवर वर्षभरापूर्वी दातांच्या डॉक्टर आल्या होत्या, डॉक्टर नेवरेकर. बाई आहेत, तरुण आहेत, मुंबईला शिकल्यात, एवढं तिला मैनाकडून कळलं होतं. जिन्यात ती दोनदा थांबली. दात काढायला सांगितले तर खाली पळायचं, असं तिने ठरवलं होतं.

डॉक्टरांनी लहान आरसा तोंडात घातला. पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला आरसा पुन्हा पुन्हा फिरत होता.

“उलट्या होतात का? वरचेवर?”

“नाय.”

“लिंबू, चिंच, कैऱ्या असं काही रोज खाता?”

“नाय. साधाच जेवण.”

“काम काय करता?”

सखारामभाऊ या गावातलेच. डॉक्टरीण त्यांच्या ओळखीची निघाली तर? तिने पदराची गाठ सोडून दाताचा तुकडा पुढे केला, जणू तेच उत्तर होतं. डॉक्टरांनी तो चिमट्याने उचलून दिव्यासमोर धरला.

“राहीबाई, हा कीड लागलेला दात नाही. हा आंबटाने खाल्लेला दात आहे. आंबट येतं कुठून हे तुम्ही सांगितलं नाहीत तर मी काहीच करू शकत नाही.”

मग राहीने सांगितलं. डॉक्टरांनी पेल्यात साधं पाणी दिलं आणि चाखून दाखवायला सांगितलं. राहीने घोट घेतला, दातांमागे धरला, फटींतून आतबाहेर ओढला, अंगठा पेरांवर फिरवला, गिळला. डॉक्टर बघत राहिल्या.

“असं दिवसातून किती वेळा?”

“साठ. कधी जास्ती.”

“आणि त्यानंतर?”

“दात घासतंय.”

“लगेच?”

“लगेचच. नाय घासला तर आंबटाण जाईल कसा? राखेनं घासतंय. सोडणानं.”

डॉक्टरांनी आरसा ताटलीत ठेवला. “म्हणजे सहा वर्षं तुम्ही आधी दात मऊ करता आणि मग तो मऊ थर खरवडून काढता.”

ज्याने दात वाचतील असं राहीला वाटत होतं त्यानेच ते झिजत होते, आणि तेच ती इतके दिवस जोर लावून करत होती.

डॉक्टर सावकाश बोलल्या, गावातल्या माणसाला समजेल असं, पण फसवून गोड करून नाही. दाताच्या वर कवच असतं, हाडापेक्षाही कठीण. पण ते क्षारांचं असतं, आणि आंबटात क्षार विरघळतात. आंबट लागलं की कवचाचा वरचा पापुद्रा नरम पडतो. तोंडातल्या लाळेत तेच क्षार असतात. तासाभरात लाळ त्यातलं बरंचसं परत बसवते. त्या तासात दाताला हात लावायचा नाही. राखेने आंबटपणा मरतो हे खरं, म्हणून बरं वाटतं. पण राख वाळूसारखी असते आणि नरम पापुद्रा ती घेऊन जाते.

त्यांनी कपाटातून टूथपेस्टची ट्यूब काढली. “या पेस्टमध्ये फ्लोराइड आहे. लाळ जे क्षार परत बसवते त्या कामाला हे मदत करतं, आणि जो पापुद्रा तयार होतो तो आंबटापुढे जरा जास्त टिकतो. सकाळी कामाला जायच्या आधी आणि रात्री निजताना. मऊ ब्रश. वाटाण्याएवढी पेस्ट. घासून झालं की थुंकायची, गिळायची नाही.”

“मग दात परत जाड होतील?”

“नाही. गेलं ते गेलं. जे उरलंय ते वाचवायचंय. आणि नुसत्या पेस्टने वाचणार नाही. दिवसात साठ वेळा आगळ दातांतून ओढलंत तर दुकानातल्या सगळ्या ट्यूबा आणल्यात तरी उपयोग नाही.”

“न्हाय वाचले तर?”

“तर आणखी चार-पाच वर्षांत हिरड्यांपर्यंत झिजतील.”

राहीने वर्षं मोजली नाहीत. तिला एक पदर दिसला, तोंडावर धरलेला.

निघण्यापूर्वी डॉक्टरांनी तिच्या तोंडात गुलाबी लगदा भरलेला पत्र्याचा साचा दाबून धरला. तिचा श्वास कोंडला, डोळ्यांतून पाणी आलं, लगदा घशात उतरतोय असं वाटून तिने खुर्चीचे दांडे घट्ट धरले. लगद्यात मग प्लास्टर ओतलं. अर्ध्या तासाने पांढरे दात टेबलावर उभे होते: तिचेच, कोपरा उडालेल्यासकट. वर्षाने पुन्हा असाच साचा घेऊ आणि दोन्ही शेजारी ठेवून बघू, झीज थांबली की नाही ते तेव्हा कळेल, असं डॉक्टर म्हणाल्या. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. विश्वास बसत नसेल तर घरी अंड्याच्या कवचावर आगळ ओतून बघा. दात कवचापेक्षा कितीतरी कठीण असतो, इतक्या झटपट विरघळत नाही. पण बघा.

राहीने त्याच दुपारी बघितलं. कोंबडीच्या अंड्याचं अर्धं कवच कपात ठेवलं आणि वर आगळ ओतलं. कवचाला बुडबुडे आले. बारीक, न थांबणारे. कपाला कान लावला तर कुजबुज ऐकू येत होती. थोड्या वेळाने तिने कवच बोटांत धरलं. ते मोडलं नाही, वाकलं. तिने कप अंगणाच्या कडेला रिकामा केला आणि तोंड घट्ट मिटून बसली, जणू काही आत शिरेल.

पण ट्यूब मात्र दोन दिवस तशीच फळीवर पडून होती, आणि त्याला कारण गंगुबाई. राही मुद्दाम तिच्याकडे गेली होती. हे मलाही कुणी सांगायला हवं होतं, असं काहीतरी गंगुबाई म्हणेल असं तिला वाटलं होतं. गंगुबाईने ट्यूब हातात उलटीसुलटी केली, वास घेतला.

“गिळू नको म्हणून सांगितलान?”

“व्हय. थुकायची.”

“मग इख हाय ह्याच्यात.” गंगुबाईने पदर सावरला. “चांगल्या वस्तू कोण थुकायला सांगतो काय? आगळ आपण गिळतो. राख थुकतो. ही राखेच्यापण पलीकडची. दात ऱ्हातील गो, तू नाय ऱ्हायचीस.”

एकीकडे बुडबुडे, दुसरीकडे विष. त्या दोन दिवसांत राहीने काहीच केलं नाही. राख सोडली, पेस्ट लावली नाही, आणि शेडमध्ये साठ वेळा आगळ ओढत राहिली. दात इतके ठणकायला लागले की बोलताना आत जाणारी हवासुद्धा सोसवेना. तिसऱ्या दिवशी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून पुन्हा माडीवर चढली आणि दारातूनच विचारलं, “ह्याच्यात इख हाय काय?”

डॉक्टर हसल्या नाहीत. “मीठ रोज खाता ना? शेरभर मीठ एकदम खाल्लंत तर?”

“वांती व्हईल. मरेन पण.”

“तसंच. वाटाण्याएवढी तोंडात घेऊन थुंकलीत तर काही होत नाही. चुकून थोडी गिळली गेली तरी नाही. लहान पोरांनी ट्यूबच्या ट्यूब खाऊ नये. काही मुलखांत विहिरीच्या पाण्यातच फ्लोराइड फार असतं आणि माणसं जन्मभर ते पितात. तिथे त्रास होतो. ही पेस्ट आहे, विहीर नाही. तुमच्यापुरतं खरं विष कुठलं ते तुम्ही कपात बघितलंत.”

त्या रात्रीपासून राहीने पेस्ट लावली. थुंकताना मात्र पहिले काही दिवस ती इतकं थुंकायची की घसा कोरडा पडायचा.

आता उरली शेड. सखारामभाऊंपुढे उभं राहणं तिला साच्याच्या लगद्यापेक्षा अवघड गेलं. ते वजनकाट्यापाशी उभे होते.

“भाऊ, मना थुकायचा हाय.”

“मग थुक की. मोरी तिकडं हाय.”

“आगळ थुकायचा हाय. चाखून झाल्यावर.”

भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. “माझा माल? गिऱ्हाईक समोर उभा असताना तू माझा माल थुकणार? तो काय समजंल?”

मग राहीने सगळंच सांगून टाकलं. पाण्याचं पिंप, मनात वाढवलेली पेरं, दाताचा तुकडा. सांगताना आपल्या पायांखालची जमीन आपणच खणतोय हे तिला कळत होतं. भाऊंचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“म्हणजे महिनाभर तू अंदाजपंचे पास करत्येस?”

“तीन आठवडे.”

“आणि कधी सांगणार होतीस? पिंपा परत आल्यावर?”

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग राहीने घाईघाईत पुढे केला. चमचाभर आगळ अर्धा तांब्या पाण्यात घालायचं, नुसत्या जिभेवर घ्यायचं, दातांना लावायचं नाही, थुंकून साध्या पाण्याने चूळ भरायची. आणि गेल्या वर्षीची, मुंबईहून शाबासकी आलेल्या मालाची एक बाटली शेजारी ठेवायची. तिच्याशी ताडून बघायचं.

“जिभेला कळतो काय?” भाऊंनी विचारलं.

“माहीत नाय,” राही म्हणाली.

भाऊंनी तिला आठ दिवस दिले. तोवर ते स्वतः चाखणार होते, आणि दुसऱ्याच दिवशी गालाला हात लावून हिंडत होते. आठ दिवसांनी पाच वाट्या समोर ठेवीन, त्यांच्या प्रती ओळखता आल्या तर चमचा तुझा, नाहीतर साली पसरायला बस, असं त्यांनी बजावलं.

घरी राहीने बाटल्या मांडल्या. एक चांगल्या मालाची, एक पाणी घातलेली, एक दुप्पट पाणी घातलेली. पहिले तीन दिवस जिभेला काही म्हणजे काही कळलं नाही. सगळं नुसतं आंबट. सहा वर्षांत तिने जिभेला काही विचारलंच नव्हतं. मोजायचे ते दात. चौथ्या दिवशी सवयीने तिचा घोट दातांमागे गेला आणि कळ उठली. ती इतकी दचकली की वाटी हातातून सुटली. सहाव्या दिवशी तिला पहिल्यांदा जाणवलं की पाणी घातलेल्या आगळात आंबटाआधी खारट कमी लागतं. जिभेला मीठ कळत होतं. दातांना ते कधीच कळलं नव्हतं.

वाट्यांच्या दिवशी सगळं काम थांबलं. बायका साली टाकून गोल उभ्या राहिल्या. मैना कुजबुजली, “देवाक नारळ बोललंय मी तुज्यासाठी. हरलीस तर तूच फोड.” कुणी हसलं नाही.

पहिली वाटी राहीने पातळ सांगितली, दुसरी पहिल्या प्रतीची, तिसरी कडक. बरोबर. चौथीला ती अडकली. पुन्हा घेतली, थुंकली, चूळ भरली, बाटलीतलं घेतलं, परत वाटीतलं. “चांगली,” ती शेवटी म्हणाली. पाचवी “पातळ, आणि ह्याच्यात मीठ मागाहून टाकलाय.”

चौथी चुकली होती. त्यात भाऊंनी थोडं पाणी घातलं होतं, फार नाही. पण पाचवीत मीठ खरंच मागाहून टाकलेलं होतं. ती लबाडी त्यांनी मुद्दाम केली होती, आणि गेल्या पंधरा वर्षांत कुणाच्या दातांनी ती पकडली असती असं त्यांना वाटत नव्हतं.

“पाचात एक चुकलीस,” ते म्हणाले. “थुकायला बादली घे. गिऱ्हाईकाकडं पाठ कर.”

चमचा राहिला. भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. रोज सकाळी पेस्ट लावताना राही जिभेने उडालेला कोपरा चाचपायची: कालच्याएवढाच आहे का? हिवाळ्यात माठातलं पाणी प्यायला जमू लागलं, तर तिला आनंदाऐवजी संशय आला. दात मेले तर नाहीत? लवू, तिचा नवरा, शिमग्याला मुंबईहून आला तेव्हा पेस्टच्या दोन ट्यूबा घेऊन आला आणि तिने त्यांच्यावरचं फ्लोराइड हा शब्द शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतला. पुढचा हंगाम आला, वीस-वीस पिंपं हलली, बादली भरत गेली. एकही पिंप परत आलं नाही.

१९८६ च्या जूनमध्ये डॉक्टरांनी पुन्हा साचा घेतला. प्लास्टर सुकेपर्यंत राही बाहेरच्या बाकावर बसली. समोर एक म्हातारा गाल धरून कण्हत होता, आणि तिला वाटलं, त्याचं बरं आहे. त्याला निदान माहीत आहे.

डॉक्टरांनी दोन्ही साचे दिव्याखाली शेजारी ठेवले आणि पट्टीने मोजले. “पुढचे दात जसेच्या तसे आहेत.”

“परत सांगा.”

“पुढची झीज थांबलीय, राहीबाई. मला तरी फरक दिसत नाही.” पट्टी मागच्या दाढेवर गेली आणि थांबली. “इथे मात्र खड्डा खोल झालाय. मागच्या वर्षी एवढा नव्हता. काय चघळत होतात?”

राहीने खाली बघितलं. रातांब्याची ओली साल. काम करता करता गालात एक असायचीच.

“कधीपासून?”

“पेस्ट लागली तवापासून. म्हटला, आता कवच हाय.”

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पेस्ट दाताला मदत करते, आंबटाला परवानगी देत नाही. फ्लोराइड लावलेला दातसुद्धा आंबटात विरघळतोच, थोडा उशिरा. साल गालात दिवसभर ठेवली तर लाळेला दुरुस्तीला वेळच मिळत नाही, मग पेस्टने करायचं तरी काय? राही ऐकत होती, आणि जीभ मागच्या दाढेवर जाऊन तो खड्डा शोधत होती. सापडला. वर्षभर ती पुढच्या दातांवर पहारा देत बसली होती आणि मागून चोरी चालली होती.

“साल बंद,” ती म्हणाली.

“बंद. पुढच्या जूनमध्ये या,” डॉक्टरांनी कार्डावर तारीख लिहिली.

“येवढा लांब?”

“आधी यायची गरज नाही. साल सोडलीत की ही झीजही थांबेल.”

“न्हाय थांबली तर मना कसा कळंल? आरशात मागचा दिसत नाय.”

डॉक्टरांनी जून खोडून डिसेंबर लिहिलं आणि वाचून दाखवलं. राहीने कार्ड हातात घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते पुन्हा टेबलावर ठेवलं.

“गणपती झाले की येतंय,” ती म्हणाली. “तसा लिवा.”